जुन्या पिकअपलाही ‘व्हिंटेज’चा मान द्या : केंद्रीय परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२१ मध्ये आपल्या मंत्रालयाने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट, दहा वर्षांची नोंदणी आणि रॅली-प्रदर्शनाला नेण्याची मुभा मिळाली. जुन्या गाड्या जपणारे आम्ही सगळेच तेव्हा सुखावलो. पण ही सोय दुचाक्यांना आणि ‘एम-१’ वर्गाला, म्हणजे माणसे नेणाऱ्या लहान चारचाकींनाच आहे. साडेतीन टनांपर्यंतचा मालवाहू पिकअप ‘एन-१’ वर्गात मोडतो, म्हणून तो बाहेर राहतो. जीप व्हिंटेज ठरते. तेच इंजिन असलेली, मागे हौदा जोडलेली तिची सख्खी बहीण ठरत नाही.

मंत्रिमहोदय, हे अन्यायाचे आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, प्रीमियरने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रक बांधले. आमच्या कोल्हापूर भागात गुळाच्या ढेपा, दुधाचे कॅन, विहिरीवरचे पंप, प्रसंगी लग्नाचे वऱ्हाडसुद्धा अशा हौद्यांतून गेले. बंगल्यातल्या मोटारी कौतुकाने जपल्या गेल्या आणि राबणाऱ्या गाड्या भंगारात गेल्या. उरल्यासुरल्या आता कुणाच्या परसात, कुणाच्या शेडमध्ये पुन्हा उभ्या राहत आहेत. मीही घरी असाच एक पिकअप दुरुस्त करतो आहे.

या गाडीत आधी सडतो तो पायांखालचा पत्रा आणि हौद्याचा तळ. नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात फुगवटे येतात. सडका भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करावा लागतो, वर गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा हात. पाट्यांचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचे, बुश बाजारात मिळाले नाहीत की कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवर करून घ्यायचे. ही कारागिरी अशाच कामांवर तग धरून आहे.

खरी काळजी ब्रेकची. ब्रेकच्या तेलाला दाब देणारा मूळ मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना तेलाची एकच वाट. एका चाकाची नळी फुटली की चारही ब्रेक गेले. म्हणून दोन सर्किटचा सिलिंडर आणि सीट बेल्ट बसवावेत असे कोणत्याही जाणत्या मेकॅनिकला वाटते. पण व्हिंटेज नियमाला गाडी मूळ रूपात हवी, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच बजावले. कर्कश सायलेन्सर आणि बाहेर आलेल्या टायरांची बाजू मी घेणार नाही. ते बंदच असावेत. जीव वाचवणारा बदल मात्र त्यांच्या पंक्तीला बसवू नका.

म्हणून विनंती अशी, की व्हिंटेजच्या व्याख्येत ‘एन-१’ वर्ग घ्या. जमल्यास जुने तीनचाकी टेम्पोही घ्या. सडलेला पत्रा त्याच मापाने बदलणे ही दुरुस्ती आहे, फेरफार नव्हे, हे आरटीओ कार्यालयांना लेखी कळवा. ब्रेक, सीट बेल्ट आणि दिवे यांच्या सुधारणांची एक मान्य यादी काढा. आज वर्षातून दोनदा बाहेर पडणाऱ्या पिकअपलाही रोज माल वाहणाऱ्या गाडीसारखे दरवर्षी फिटनेस करावे लागते. व्हिंटेज नोंदणीचे २०,००० रुपये आम्ही भरू, आणि त्या गाडीतून भाड्याचा माल वाहणार नाही असे प्रतिज्ञापत्रही देऊ.

आपला नम्र,
कोल्हापूरचा एक पिकअपधारक