जीवशास्त्र घेतलं म्हणून गणित सोडायला लावू नका

मा. संपादक,

अकरावीच्या प्रवेशावेळी एका क्लासमध्ये माझ्या मुलीला सांगितलं, "नीट द्यायची ना, मग गणित कशाला?" आम्हीही मान डोलावली. आता बारावीत डीएनएचा धडा वाचताना ती विचारते, "बाबा, दोन मीटरचा धागा एवढ्याशा केंद्रकात मावतो कसा? गुंता कसा होत नाही?"

आमचे आजोबा बेंदराआधी बैलांसाठी वाखाची दावी वळायचे. पीळ जास्त झाला की दोर मधेच दुमडून अढी धरायचा. डीएनएचं तसंच आहे. त्याचेही दोन पेड, समोरासमोरच्या रासायनिक घटकांच्या (बेस) जोड्यांनी जुळलेले, आणि साधारण साडेदहा जोड्यांमागे एक पीळ. त्यात कमी-जास्त झालं की धागा स्वतःभोवतीच वेढे घेतो. वाकायला तर तो सहज तयारच नसतो. 150 जोड्यांचा, म्हणजे 50 नॅनोमीटरचा तुकडा जवळपास ताठच राहतो. तरी पेशीत 147 जोड्या हिस्टोन प्रथिनांच्या रिळाला जवळजवळ पावणेदोन वेढे घालून बसतात! डीएनएवर ऋण भार, हिस्टोनवर धन भार, त्या ओढीनं हे जमतं. ओढ किती लागते, पीळ कुठं साठतो, हे मात्र हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

तो हिशेब आता संगणकावर करतात. डीएनए म्हणजे मण्यांची माळ समजायची, मण्यांमध्ये स्प्रिंगा, भोवती पाण्याच्या रेणूंचे धक्के, आणि कोणता मणी कुठं सरकला ते क्षणाक्षणाला न्यूटनच्या नियमानं काढायचं. कडीसारखी प्रथिनं धागा ओढून त्याचे फास तयार करतात, ही कल्पना अशा माळांवर तपासली गेली. 2018 मध्ये कंडेन्सिन हे प्रथिन तसा फास ओढताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसलं. लॅम्प्ससारखं सॉफ्टवेअर यासाठी मोफत मिळतं, आणि छोटी माळ घरच्या संगणकावरही चालते.

म्हणून कोल्हापुरातल्या कनिष्ठ महाविद्यालयांना विनंती, की जीवशास्त्रासोबत गणितही ठेवता येतं हे प्रवेशाच्या खिडकीवरच मुलांना सांगा. शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र, दोन्ही विभाग आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत आठवडाभर त्यांनी ही माळ मुलांना करून दाखवली तर किती बरं होईल.

मुलीनं मावसबहिणीचं जुनं गणिताचं पुस्तक आणलंय. रात्री नीटचा अभ्यास उरकला की ती व्हेक्टरचं प्रकरण उघडून बसते. अडलं की माझ्याकडे बघते, आणि मला ते येत नाही.

— एक पालक, शिवाजी पेठ, कोल्हापूर