नळ, हौद आणि मीठ

बर्कली, कॅलिफोर्निया
१८ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर 'पेपर बरा गेला' म्हणाले, ते खोटं होतं. पहिल्या मिडटर्मला शंभरपैकी ४३ मिळाले. आई, लगेच 'खातेस का नीट' सुरू करू नकोस, खाते. चूक वेगळीच होती आणि ती बाबांना सांगायची आहे.

विषय लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स, दोन्ही एकाच कोर्समध्ये. सुरुवातीचे आठवडे नुसत्या मॅट्रिक्स (आई, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेले आकडे). बाबा, दहावीला तुम्ही निश्चयक आणि क्रेमरची रीत घोटून घेतली होतीत, त्यामुळे मी निर्धास्त. आयगेनव्हॅल्यू, म्हणजे प्रत्येक मॅट्रिक्सच्या स्वतःच्या खास संख्या, आल्या, त्याही काढल्या: निश्चयक शून्याबरोबर मांडायचा, वर्गसमीकरण सोडवायचं, पुढचं गणित. काढतोय कशासाठी, हे विचारलंच नाही. पेपरात नेमकं तेच विचारलं.

गेल्या आठवड्यात डिफरन्शियल इक्वेशन्स, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने बदलते त्याची समीकरणं, सुरू झाली आणि फळ्यावर कोण यावं? तुमचा हौद! फक्त इथे तो भरायचा नव्हता. दोन हौद, प्रत्येकात १०० लिटर पाणी. पहिल्यात ६ किलो मीठ विरघळलेलं, दुसऱ्यात गोडं पाणी. मिनिटाला १० लिटर इकडून तिकडे जातं, तेवढंच तिकडून इकडे येतं. कुठल्या क्षणी कुठे किती मीठ?

पहिल्याचं समीकरण लिहावं तर त्यात दुसऱ्याचं मीठ, दुसऱ्याच्यात पहिल्याचं. मॅट्रिक्स मांडली, आयगेनव्हॅल्यू आल्या ० आणि −०.२. सवयीने पान उलटणार होते, तेवढ्यात तुमचं 'आधी आकृती काढ' आठवलं. दोन हौद काढले आणि बघत बसले. आयगेनव्हॅल्यू इथे बदलाचा दर सांगते. शून्य ही एकूण मिठाची: ते ६ किलोच राहणार, जाणार कुठे! −०.२ ही दोन हौदांतल्या फरकाची: तो साधारण साडेतीन मिनिटांत निम्मा होतो. सहाचा तीन, तीनचा दीड. एकेक हौद धरला की गुंता होतो. बेरीज आणि वजाबाकी धरली की दोघी आपापल्या वाटेने जातात, एकमेकींत लुडबुड नाही. 'आयगेन' म्हणजे जर्मनमध्ये 'स्वतःचा'. जर्मन गणितज्ञ हिल्बर्टने १९०४ मध्ये तो शब्द वापरला. मला तो आत्ता कळला, ४३ मार्कांनंतर.

आई, तुझ्या डोळ्यांसमोर खारातल्या मिरच्यांची बरणी आली असेल. माझ्याही आली. दिवाळीच्या पार्सलात जागा उरली तर बघ, पण झाकण घट्ट लाव.

बाबा, आता तुम्हाला गृहपाठ. असेच तीन हौद गोलात जोडा, पाणी एकाच दिशेने फिरवा. आयगेनव्हॅल्यूत ऋण संख्येचं वर्गमूळ येतं. हौदात! मीठ पुढच्या हौदात वाट्यापेक्षा थोडं जास्त चढतं, मग खाली येतं. करून बघा आणि वहीचा फोटो पाठवा. मागच्या वेळी अर्ध्या पानावर तुमचा अंगठाच होता.

तुमची,
मनू