वादळापूर्वी परवाना हवा : हौशी रेडिओ मंडळाचे ग्रामस्थांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

दि. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले, त्या दिवसाचे वर्णन आपल्यासमोर नव्याने करण्याची गरज नाही. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले आणि घरची माणसे सुखरूप आहेत एवढे एक वाक्य कानी पडण्यासाठी आपले मुंबईकर चार दिवस तळमळत राहिले. अखेर वाडीतील दोन तरुण आडव्या पोफळी ओलांडत, मोटारसायकल अर्ध्या वाटेत टाकून, रेंज मिळेपर्यंत माणगावच्या दिशेने चालत गेले, तेव्हा त्यांच्याजवळ घरोघरचे निरोप लिहिलेली शाळेची वही होती. ती वही मंडळाच्या कपाटात जपून ठेवली आहे. पावसाने शाई फुटली असली तरी ‘सर्व सुखरूप, छप्पर गेले’ हे शब्द अजून वाचता येतात.

त्या वहीतूनच आपल्या हौशी रेडिओ मंडळाचा, म्हणजे मोबाइल बंद पडला तरी स्वतःच्या वायरलेस संचावरून थेट निरोप पोहोचवणाऱ्या हौशी माणसांच्या मंडळाचा, जन्म झाला. खालच्या आळीतील गुरुजींनी निवृत्तिवेतनातून पहिला वायरलेस संच घेऊन दिला आणि पावतीवर स्वतःचे नाव घालू दिले नाही. मच्छीमार बांधवांनी अँटेनासाठी जुन्या होडीची डोलकाठी दिली, एवढेच नव्हे तर ती देवळामागच्या टेकडीवर खांद्यावरून वाहून नेऊन उभी केली. मुंबईकर मंडळाने दोन बॅटऱ्या व सौर पॅनल दिले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्यालगतून गेले, त्या वेळी पंचक्रोशीतील एकमेव परवानाधारक असलेले आपले ज्येष्ठ सभासद दोन रात्री संचासमोरून हलले नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांना तिथेच पेज नेऊन दिली. या सर्वांचे ऋण मंडळ विसरलेले नाही.

आज मात्र आपली अडचण निराळी आहे. संच आहे, अँटेना आहे, बॅटरी भरलेली आहे. परंतु हौशी रेडिओवरून बोलण्यासाठी ज्याचा त्याचा स्वतंत्र परवाना लागतो आणि परवान्याविना प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे. मंडळातील तीन परवानाधारकांपैकी एक नोकरीनिमित्त पुण्यास गेले, ज्येष्ठ सभासदांना आता कमी ऐकू येते, आणि तिसरे म्हणजे प्रस्तुत चिटणीस. एका माणसाने अहोरात्र संचासमोर बसणे शक्य नाही.

हवामान खात्याकडे रडार आणि उपग्रह असताना आपण काय वेगळे सांगणार, असे काहींनी विचारले. रडारची किरणे जवळपास सरळ जातात आणि पृथ्वीचा पृष्ठभाग खाली वळत जातो, त्यामुळे अंतर वाढेल तसे जमिनीलगत काय चालले आहे ते रडारला दिसेनासे होते. धक्क्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी चढले, वारा कोणत्या दिशेचा होता आणि किती वाजता फिरला, कोणता रस्ता झाडाने अडवला, हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाच सांगता येते. तेही अंदाजाने नव्हे, तर डोळ्यांनी पाहिलेले, ठिकाण आणि वेळेसह. वारा एकाएकी पडला म्हणजे वादळ गेले असे नसते. वादळाचा डोळा, म्हणजे त्याच्या मधोमधचा शांत भाग, आपल्यावर आलेला असू शकतो आणि मग वारा उलट दिशेने सुटतो. हे ज्याला ठाऊक आहे तोच शेजाऱ्याला पत्रे पाहण्यासाठी छपरावर चढण्यापासून थोपवू शकेल. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओचे पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होते, आणि अंदमानातील माणसांची खबर त्यांच्या संचावरून मुख्य भूमीला मिळाली. ते परवानाधारक व अनुभवी होते, म्हणूनच हे घडले.

हे लिहिताना मनातली एक सल सांगितल्यावाचून राहवत नाही. गेल्या वर्षी याच विषयावर सभा बोलावली, साठ खुर्च्या मांडल्या आणि नऊ माणसे आली. ढग दिसू लागले की मात्र ‘तुमचा वायरलेस चालू आहे ना?’ असे विचारणारे फोन रात्री उशिरापर्यंत येतात. हा राग नव्हे, पण वाईट वाटले हे खरे. परीक्षा, पोलीस पडताळणी आणि परवाना यांत कित्येक महिने जातात. मे महिन्यात जाग येऊन उपयोग नाही.

म्हणून प्रत्येक आळीतून किमान दोघांनी, विशेषतः मुली व महिलांनी, पुढे यावे. वय १२ वर्षे पूर्ण असावे. परीक्षेत रेडिओचे मूलभूत ज्ञान व नियम असे दोन भाग असतात. प्राथमिक श्रेणीसाठी मोर्स, म्हणजे ‘कट्ट-कड’ची सांकेतिक लिपी, लागत नाही. वर्ग दर रविवारी सकाळी ९ ते ११, शाळेच्या सभागृहात, विनामूल्य. वही-पेन आणावे, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा व छायाचित्रे पहिल्याच दिवशी द्यावीत. गरजू विद्यार्थ्यांचे परीक्षा व परवाना शुल्क, चार हँडसेट आणि एक नवी बॅटरी यांसाठी ६० हजार रुपये लागतील, पैकी १७ हजार जमा आहेत. देणगी खजिनदारांकडेच द्यावी व पावती घ्यावी. वापरलेले संच देणाऱ्यांनी आधी चिटणिसांना दाखवावेत. नावनोंदणी येत्या पौर्णिमेपर्यंत, देवळातील फळ्याजवळच्या वहीत.

आपला नम्र,
चिटणीस