कोच म्हणून ग्रेट होते, पण खुर्चीवर बसल्यावर काय केलं?

संपादक साहेब, नमस्कार.

खेळाच्या संघटना खेळाडूंच्याच हातात द्या, पुढारी नकोत, ही मागणी आपल्याकडे एमसीएची, म्हणजे मुंबई क्रिकेट असोसिएशनची, निवडणूक आली की होतेच. 2011 ला विलासराव देशमुखांनी दिलीप वेंगसरकरांना हरवलं तेव्हा किती लोक चिडले होते, एवढा मोठा बॅट्समन आणि हरला कुणाकडून तर राजकारण्याकडून! मागणी रास्तच आहे. पण खेळाडू एकदाचा खुर्चीवर बसला की त्याचं काम जोखायचं कशावरून, यावर कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. मी राहतो अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला, आणि इथे हा प्रकार अख्ख्या गावाने भोगलाय.

आधी थोडं गावाबद्दल सांगतो, नाहीतर हे वेड लक्षात यायचं नाही. गावाची वस्ती दोन लाखाच्या आसपास आणि युनिव्हर्सिटीच्या नेलँड स्टेडियममधे एक लाखाच्या वर माणूस बसतं. मॅचच्या शनिवारी लोक बोटी घेऊन टेनेसी नदीतून येतात, स्टेडियमच्या मागेच धक्क्याला लावतात, तिथेच खाणंपिणं सुरू. बँकेतला माणूस, भाजीच्या दुकानातली बाई, आमच्या ऑफिसातला सिक्युरिटीवाला, सगळे केशरी टीशर्टात. आणि हे सगळं कॉलेजच्या पोरांच्या फुटबॉलसाठी (बॉल हातात घेऊन पळतात तो अमेरिकन) बरं का, प्रोफेशनल टीम नाही.

तर इथले देव म्हणजे फिलिप फुल्मर. स्वतः इथेच खेळलेले, मग 1992 पासून 2008 पर्यंत हेड कोच, 152 मॅच जिंकल्या आणि 52 हरल्या. 1998 च्या सीझनला एकही मॅच न हरता नॅशनल चॅम्पियन, फायनलला फ्लोरिडा स्टेटला 23-16 ने हरवलं. पुढे दिवस फिरले आणि 2008 ला त्यांनाच काढलं. त्यानंतर नऊ वर्षांत तीन कोच आले नि गेले, आणि 2017 ला तर बारापैकी आठ मॅच हरलो, एका सीझनला आठ पराभव युनिव्हर्सिटीच्या इतिहासात आधी कधी झाले नव्हते.

मग झाला तो गाजलेला रविवार, 26 नोव्हेंबर 2017. तेव्हाचे अॅथलेटिक डायरेक्टर जॉन करी यांनी ग्रेग शियानो यांना कोच करायचं जवळपास ठरवलं होतं. बातमी फुटली आणि लोक भडकले, कॅम्पसमधे एक मोठा दगड आहे ज्यावर पोरं रंगाने काय काय लिहीत असतात, त्यावर शियानोंविरुद्ध मजकूर रंगवला, राजकारणी पण उतरले, आणि संध्याकाळपर्यंत डील रद्द. शियानोंवर पूर्वीच्या नोकरीतल्या एका प्रकरणावरून आरोप होत होते, त्यांनी ते साफ नाकारलेले, पण ऐकून कोण घेणार. पाच दिवसांत करींनाही घरी बसवलं आणि त्याच दिवशी त्यांच्या खुर्चीत फुल्मर! गावात नुसती दिवाळी. घरचा माणूस आला, आता सगळं सुधारणार.

इथे कुणी थांबून विचारलं नाही की ही खुर्ची नेमकी कसली आहे. अॅथलेटिक डायरेक्टर म्हणजे वीसेक टीमचा मालकच म्हणा, वर्षाला दहा कोटी डॉलरच्या वरचा कारभार, कोच नेमायचे, करार करायचे, देणगीदार सांभाळायचे, आणि सगळ्यात कटकटीचं काम म्हणजे कोचलोक नियम पाळतात की नाही यावर डोळा ठेवायचा. यातलं किती काम हेड कोचला करावं लागतं? गायक चांगला आहे म्हणून त्याला गायन समाजाचा खजिनदार केला, तसं झालं हे.

फुल्मरांनी सहा दिवसांत कोच निवडला, जेरेमी प्रुइट, अलाबामा युनिव्हर्सिटीच्या टीमचा डिफेन्स सांभाळणारा असिस्टंट कोच. माणूस हुशार, पण कॉलेज लेव्हलला हेड कोच म्हणून एक दिवस काम केलेलं नाही. पहिल्या वर्षी 5-7, म्हणजे पाच जिंकल्या, सात हरल्या. दुसऱ्या वर्षाची पहिलीच मॅच घरच्या मैदानावर जॉर्जिया स्टेटकडून हरलो, नाव पण धड कुणी ऐकलेलं नसेल अशी टीम. मग शेवटी सहा मॅच सलग जिंकून 8-5 झालं, आणि एवढ्यावर खुश होऊन सप्टेंबर 2020 ला फुल्मरांनी त्याचा करार 2025 पर्यंत वाढवून दिला. म्हणजे काढायचं म्हटलं तर सव्वा कोटी डॉलरच्या आसपास मोजायचे. त्या सीझनला 3-7. जानेवारी 2021 ला कळलं की खेळाडूंच्या भरतीत नियम धाब्यावर बसवलेत, प्रुइटला काढलं आणि त्याच दिवशी फुल्मरांनी निवृत्ती जाहीर केली. 2023 ला एनसीएएचा (कॉलेजच्या खेळांवर देशभर देखरेख ठेवणारी संस्था) निकाल आला, नियमभंगाचे दोनशेच्या वर प्रकार, त्यातले 18 सगळ्यात गंभीर वर्गातले, आणि युनिव्हर्सिटीला ऐंशी लाख डॉलरच्या वर दंड. नियमभंग झाला म्हणून काढल्यामुळे ते सव्वा कोटी वाचले एवढंच.

फुल्मरांवर स्वतःवर ठपका ठेवलेला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण इथल्या फॅन लोकांशी बोला, दोनच गट आहेत. एक म्हणतो 98 विसरू नका, त्यांनी आपल्याला काय नाही दिलं. दुसरा म्हणतो प्रुइट आणला, वाटोळं केलं, विषय संपला. दोघंही फुटबॉलचाच स्कोअरकार्ड घेऊन बसलेत, एक जुना आणि एक नवा. 2019 ला बास्केटबॉल कोच रिक बार्न्सना लॉस एंजेलिसची यूसीएलए युनिव्हर्सिटी पळवून नेत होती, फुल्मरांच्या काळात त्यांना पगार वाढवून थांबवून घेतलं, आणि ती टीम अजून जोरात आहे, हे कुणी मोजत नाही. त्याच वर्षी बायकांच्या बास्केटबॉलला केली हार्परला आणलं, 1996 ते 98 ला इथेच लागोपाठ तीन टायटल जिंकलेली पोरगी, परत तेच, घरचं माणूस, आणि 2024 ला तिलाही काढावं लागलं. हेही कुणी मोजत नाही.

आणि सगळ्यात भारी गोष्ट सांगू का? ज्या करींना गावाने हाकललं त्यांनी जेमतेम आठ महिने खुर्चीवर काढले, पण त्यात जून 2017 ला टोनी व्हिटेलो नावाचा बेसबॉल कोच नेमून गेले. त्याच व्हिटेलोने 2024 ला बेसबॉलचं नॅशनल टायटल आणलं, युनिव्हर्सिटीचं पहिलंवहिलं. रस्त्यावर पोरं नाचली, आमच्या गल्लीत रात्री उशिरापर्यंत हॉर्न चालू होते. करींचं नाव काढणारा एक माणूस मला भेटला नाही.

माजी कोच या खुर्चीवर चालतच नाहीत असं मुळीच नाही. विस्कॉन्सिनला बॅरी अल्वारेझ 2004 ते 2021 डायरेक्टर होते, कोच असताना रोझ बोल ही कॉलेज फुटबॉलची मानाची मॅच तीनदा जिंकलेले, आणि कारभार पण व्यवस्थित केला. नेब्रास्कात टॉम ऑसबॉर्न, तेही तिथलेच जुने कोच, यांनी कॉलेजला बिग टेन या मोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या लीगमधे नेलं. तिथे नेमलेला फुटबॉल कोच किती चालला यावर वाद घाला, पण तो निर्णय कोचचा नाही, डायरेक्टरचा होता आणि त्याचं माप वेगळं आहे. आमच्याकडे फुल्मरांनंतर डॅनी व्हाइट आले, त्यांनी आपण आधी जिथे डायरेक्टर होते त्या युनिव्हर्सिटीतूनच जॉश ह्यूपेलला कोच म्हणून आणलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. ऑक्टोबर 2022 ला अलाबामाला 52-49 ने हरवलं, 2006 नंतर पहिल्यांदा, आणि लोकांनी गोलपोस्ट उपटून नदीत टाकले. आता व्हाइट पण देव. मॅच जिंकून देणाऱ्या शेवटच्या एका किकवर!

आपल्याकडे हेच गांगुलीचं झालं. 2019 ते 2022 बीसीसीआयचा अध्यक्ष, आणि बोलणं काय तर लॉर्ड्सवर टीशर्ट फिरवणारा दादा, नाहीतर कोहलीच्या कॅप्टनशिपचं भांडण. बोर्डाचा कारभार कसा चालला यावर कट्ट्यावर कुणी दोन मिनिटं तरी बोललंय?

म्हणून माझी साधी विनंती आहे. पुढच्या वेळी एमसीएला कुणी जुना खेळाडू उभा राहिला की तुमच्या वार्ताहरांनी त्याला त्याच्या सेंच्युऱ्या विचारू नयेत, त्या आम्हाला पाठ आहेत. कोच नेमताना किती नावं बघणार, करार किती वर्षांचा देणार, तो मोडला तर खिशातून किती जाणार, आणि वयोगटाच्या टीममधे वयाचे खोटे दाखले आले तर कुणाला जबाबदार धरणार, एवढं विचारा आणि उत्तर आहे तसं छापा.

आपला,
एक वाचक, नॉक्सव्हिल, टेनेसी