पाकिटातली ३.४२ ग्रॅम साखर

इंदूर, रविवार

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

सईला चाचणीत रेणूंच्या गणितात भोपळा मिळाला आणि ती रसायनशास्त्रच सोडायचं म्हणतेय, हे वाचून चैन पडेना. तिला घाई करू देऊ नकोस. आपणही अकरावीत 'वस्तुमान भागिले रेणुभार, गुणिले ॲव्होगॅड्रो संख्या' एवढंच घोकलं होतं. मार्क मिळाले, पण आपण मोजतोय काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

काल पैंजण दुरुस्तीला टाकायला सराफ्यात गेलो, तेव्हा खिशात साखरेची पुडी नेली. दुकानदार जुने ओळखीचे. त्यांनी काट्यावर कागद ठेवून आकडा शून्यावर आणला. मी चिमटीने साखर सोडत गेलो. ३.३८. आणखी थोडी, तर ३.४५. मग बोटाच्या टोकाने चार-सहा दाणे उचलले आणि काटा ३.४२ वर थांबला.

साखरेच्या रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू. या अणूंचे भार अनुक्रमे १२, १ आणि १६, म्हणून १४४ अधिक २२ अधिक १७६, म्हणजे रेणुभार ३४२. पाण्याचा रेणू १८. साखरेचा रेणू पाण्याच्या रेणूच्या १९ पट जड, म्हणून ३४२ ग्रॅम साखरेत आणि १८ ग्रॅम पाण्यात रेणू अगदी तितकेच! एक चिंचोका साबुदाण्याच्या १९ पट जड असेल, तर दोन्ही ढिगांची वजनं १९ पटीत ठेवली की दाणे न मोजताही सारखे निघतील. तोलणं हेच इथे मोजणं आहे, विनू. सईला आधी हे सांग, सूत्र नंतर.

त्या तितक्या रेणूंचा गठ्ठा म्हणजे एक मोल: ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. माझ्या पुडीत त्याचा शंभरावा भाग, म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २१ वा घात. सेकंदाला एक कोटी रेणू मोजले तरी सुमारे १.९ कोटी वर्षं लागतील, आणि साखर चहाच्या चमच्याभराचीही नाही!

ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये सांगितलं की, तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूही सारखेच असतात. पण एका मोलमधल्या रेणूंची संख्या त्याला कधीच कळली नाही. तो १८५६ मध्ये गेला. फ्रेंच शास्त्रज्ञ पेराँने १९०९ मध्ये त्या संख्येला त्याचं नाव दिलं. मला ही गोष्ट फार हलवून जाते.

आता सईची चूक. ८ ग्रॅम ऑक्सिजनमधले रेणू काढताना तिने १६ ने भागलं. १६ हा अणूचा भार. हवेतला ऑक्सिजन जोडीने राहतो, म्हणून ३२ ने भागायचं. पाव मोल रेणू, अर्धा मोल अणू. तिचं उत्तर अणूंचं होतं आणि अणूंसाठी ते बरोबरच होतं, हे तिला नक्की सांग. मिठाचा प्रश्न आला तर मात्र जपून: त्यात सोडियम आणि क्लोरिनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, रचलेले असतात, सुटे रेणू नसतातच.

तीच पुडी पाकिटात घातलीय. वाटेत ओल धरली असेल तर वजन थोडं वाढेल. सईला परत तोलायला लाव, आणि जास्त भरली तर वाढ पाण्याची धरून त्याचे रेणू तिलाच काढू दे. उत्तर मला तिच्या हातचं हवं.

तुझा,
अण्णू