कुटाराच्या धुळीचा आजार आणि एक रक्ततपासणी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

साहेब, डिसेंबरात तुम्ही अधिवेशनासाठी नागपूरला याल. त्या दिवसांत आमच्याकडे कोठ्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, उपसणं चालू असतं. परतीच्या पावसात गंजी भिजली की हडंब्यातून (मळणीयंत्रातून) कुटार ओलसरच निघतं आणि तसंच कोपऱ्यात दाबून भरलं जातं. काही दिवसांनी त्यात हात खुपसला तर आत चांगलं गरम लागतं. वर पांढरी भुकटी धरलेली असते. टोपलं भरताना ती नाकातोंडात जाते. दुपट्टा बांधला तरी जाते.

माझ्या बाबांचं दर हिवाळ्यात ठरलेलं होतं. सकाळी कुटार काढायचं आणि दिवस कलला की अंगात कणकण, थंडी, कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी. एकदोन दिवसांनी पुन्हा बरं. सकाळच्या कुटाराचा आणि संध्याकाळच्या तापाचा मेळ घरात कोणीच घातला नाही, कारण मधे चार ते आठ तास जातात. तालुक्याला एक्स-रे काढला, त्यात डाग दिसले. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने घेतल्या, दोन वर्षांनी पुन्हा सहा महिने. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. टीबीच्या मुलखात खोकणारा माणूस समोर आला तर कोणीही आधी तोच विचार करील. शेवटी सीटी स्कॅन झाला तोवर फुप्फुस निबर झालं होतं. अहवालात ‘सेंद्रिय धुळीशी संपर्क’ एवढंच लिहून आलं. धुळीतला कोणता जंतू, हे तपासायची सोयच नव्हती.

हा आजार काही नवा नाही. इंग्लंडमध्ये १९३२ साली बुरशी धरलेलं गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांत त्याची नोंद झाली आणि ‘फार्मर्स लंग’ हे नाव पडलं. त्यामागचा सर्वांत प्रसिद्ध जंतू सॅकरोपॉलिस्पोरा रेक्टिव्हर्ग्युला. ओला चारा आतून तापून पन्नास-साठ अंशांवर गेला की हा तिथे सुखाने वाढतो. त्याचे बीजाणू एक मायक्रॉनच्या आसपास असतात, त्यामुळे ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. गंमत अशी की हा जंतू शरीरात घर करत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते आणि त्या झटापटीत फुप्फुस जखमी होतं. म्हणून इथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि टीबीच्या गोळ्यांचा तर नाहीच.

हे प्रकरण चार-दोन कोठ्यांपुरतं आहे असं समजू नका. देशातल्या २७ केंद्रांवरच्या १,०८४ रुग्णांची नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुसाच्या अंतर्भागाचे आजार असलेले हे रुग्ण. त्यांपैकी ४७ टक्के अतिसंवेदनशील न्यूमोनायटिसचे निघाले, म्हणजे फार्मर्स लंग ज्यात मोडतो त्याच गटातल्या आजाराचे, आणि त्या ४७ टक्क्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आढळला. विदर्भातल्या माणसाला कूलर काय, हे सांगायला नको. मार्च ते जून आम्ही त्याच्यासमोरच जगतो, आणि गेल्या वर्षीच्या गवताच्या ताट्या झटकून पुन्हा बसवतो.

आता मूळ मागणी : हा आजार नेमका ओळखणारी रक्ततपासणी. मी बायोइन्फॉर्मेटिक्स, म्हणजे संगणकावर जीवशास्त्राची माहिती तपासायचं शास्त्र, शिकले, म्हणून हे पत्र कुटारावरून संगणकाकडे वळतंय.

बैलबाजारात आपला बैल आपण शिंगाच्या वळणावरून ओळखतो, अख्खा बैल न्याहाळत बसत नाही. रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला ओळखून धरणारी आपली प्रथिनं, तशीच असतात. अख्खा जंतू ती धरत नाहीत, त्याच्या प्रथिनाचा एक छोटा तुकडा धरतात. त्या तुकड्याला एपिटोप म्हणतात. आजवरच्या रक्ततपासण्या बहुतेक जंतूचा कच्चा अर्क वापरून होत आल्या. एका प्रयोगशाळेचा अर्क दुसरीसारखा नसतो, म्हणून निकालही जुळत नाहीत. नेमके एपिटोप हाती आले तर तेवढेच तुकडे कारखान्यात बनवून सगळीकडे एकसारखी तपासणी करता येईल. फ्रान्समध्ये बझाँसाँच्या संशोधकांनी दुभत्या जनावरांच्या शेतकऱ्यांसाठी याच जंतूची निवडक प्रथिनं घेऊन अशी वाट चोखाळली आहे.

या जंतूचा जनुकसंच सार्वजनिक संग्रहात आहे. त्यातल्या हजारो प्रथिनांपैकी कोणती पेशीबाहेर येतात, कोणती माणसाच्या प्रथिनांसारखी म्हणून वगळायची, उरलेल्यांतला कोणता तुकडा प्रतिपिंडांना दिसेल, ही चाळणी संगणक लावतो. आणि ही विद्या परदेशातून मागवायची नाही. कोळसकर आणि टोणगावकर यांनी एपिटोपचा अंदाज बांधायची पद्धत १९९० मध्ये पुणे विद्यापीठातून मांडली, आणि ती आजही जगभर वापरात असलेल्या साधनांच्या यादीत आहे. घडी पडलेल्या प्रथिनाच्या पृष्ठभागावरचे एपिटोप शोधणारं ‘सीईपी’ हे साधनही २००५ मध्ये पुण्यातूनच आलं. मुंबईहून पुण्याला फोन लावायचा तेवढा बाकी आहे.

पण साहेब, कोणी तुमच्यापुढे चकचकीत आराखडा घेऊन आलं तर दोन गोष्टी विचारा. तो ‘लस’ म्हणाला, तर त्याला आजारच कळलेला नाही. इथे प्रतिकारशक्ती आधीच जास्त खवळलेली असते, तिला आणखी चेतवून काय करायचं? आपल्याला ओळख पटवणारी तपासणी हवी आहे. आणि तो ‘संगणकाने सगळं सांगितलं’ म्हणाला, तर रक्ताचे नमुने दाखव म्हणा. २००५ मध्ये संशोधकांनी एपिटोपचा अंदाज बांधायच्या जुन्या मोजपट्ट्या कसोटीला लावल्या, तेव्हा त्यांचा अंदाज छापा-काट्यापेक्षा फारसा सरस निघाला नाही. नवी साधनं सुधारली आहेत, तरी अंदाज तो अंदाजच. शिवाय प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना तुकडा दिसतो तो एचएलए रेणूंमधून, म्हणजे तुकडा पेशीवर मांडून दाखवणाऱ्या रेणूंमधून, आणि ते रेणू समाजागणिक वेगळे असतात. युरोपच्या माणसांवर बसवलेला अंदाज वऱ्हाडातल्या माणसाला लागेलच असं नाही.

म्हणून पैसा द्यायचा तर तो नुसत्या संगणकांना देऊ नका. इथून धूळ गोळा करायला आणि रक्त घ्यायला द्या. यवतमाळ-वाशीमचं सोयाबीन कुटार, गोंदिया-भंडाऱ्याचं धानाचं तणस, कूलरच्या जुन्या ताट्या. आधी त्यांत कोण राहतं ते तरी कळू द्या, कदाचित आमचा जंतू दुसराच निघेल. रक्त आजाऱ्यांचं घ्या, आणि तेच कुटार उपसूनही ठणठणीत असलेल्या शेजाऱ्यांचंही घ्या, कारण प्रतिपिंडं निरोग्यांतही सापडतात आणि हा फरक कळला नाही तर तपासणी निम्म्या गावाला आजारी ठरवेल. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचं एम्स, अकोल्याचं कृषी विद्यापीठ, सगळे जवळ आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवणं तुमच्या हातात आहे. मात्र जिनिंगमधल्या मजुरांचा बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार, यात ढकलू नका. कापसावरच्या जंतूंचं एंडोटॉक्सिन हे विष तिथलं मोठं कारण मानतात, आणि ते प्रथिन नव्हे. तिथे धूळ ओढणारे पंखे लागतील, एपिटोप नाही.

कायद्याचंही एक पाहा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सेंद्रिय धुळीने होणारा हा आजार व्यवसायजन्य म्हणून नावानिशी नोंदलेला होता. पण भरपाई मागायला मालक लागतो. स्वतःच्या कोठ्यात स्वतःचं कुटार काढणाऱ्याने ती कोणाकडे मागावी?

अधिवेशनात एखादी सकाळ मोकळी काढा. नागपूरहून आर्वी तीन तासांच्या आत येते. आमच्या कोठ्यात यंदाचं कुटार भरलेलं आहे. आता ते बाबा उपसत नाहीत, मी उपसते, मास्क लावून आणि आधी पाणी शिंपडून. नमुन्यांच्या बरण्या धुऊन ठेवल्या आहेत.

आपली,
एक शेतकरीकन्या
आर्वी तालुका, जि. वर्धा