जनरेटर चालू न करणाऱ्या भाऊंना

साउंडवाले भाऊ,

रामराम. नाव लिहीत नाही, कारण तुम्हीच बजावलं होतंत, "ताई, स्टेजवरून माझं नाव घेऊ नका, मी काही केलंच नाही." भुसावळात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. आणि आभार मानायचे आहेत ते व्हायोलिन-पियानोच्या मैफलीच्या त्या रात्री तुम्ही जे केलं नाहीत, त्याचेच.

आदल्या दिवशी तुम्ही आठ माईक आणि दोन मॉनिटर उतरवलेत आणि विचारलंत, "तबल्याला कोण आहे?" तबला नाही, तानपुरा नाही, माईकही नको, हे ऐकल्यावर तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चूक तुमची नाही. आपल्याकडे व्हायोलिन बसून वाजवतात, गायकाच्या षड्जाला लावतात आणि त्याच्या मागे जातात. इथे माझी भाची उभी राहून वाजवणार होती, आणि पियानोवरची तिची मैत्रीण तिला साथ करायला आलेली नव्हती. दोघींचा हक्क सारखा. बेथोव्हेनच्या काळी तर अशा सोनाटांवर, म्हणजे तीन-चार भागांच्या वाद्यरचनांवर, पियानोचं नाव आधी छापत, व्हायोलिनचं नंतर.

सभागृहातल्या त्या म्हाताऱ्या उभ्या पियानोशी मुंबईहून आलेले ट्यूनर दोन दिवस झटत होते. सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात. आपल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत आतली लाकडी फळी आकसते आणि सूर उतरतो. त्यावर कूलरची ओली हवा मारली की फळी फुगते आणि सूर चढतो, तोही सगळीकडे सारखा नाही. ट्यूनर शेवटी वैतागून म्हणाले, "एक तर कूलर, नाही तर मी." चार कूलर तुम्ही भाड्याने ठरवून आणलेले. तरी शब्द न बोलता पोरांना घेऊन ते व्हरांड्यात काढलेत. दीडशे माणसं हातपंखे हलवत बसली, पण घरघर नव्हती. तारा जुन्या, पूर्ण ताणल्या तर तुटतील, म्हणून पियानो जरा खालीच लावला होता. भाचीने मुकाट्याने व्हायोलिन तेवढं उतरवलं. चार तारांनी ऐकायचं असतं, सव्वादोनशे ऐकत नाहीत. गाड्यांच्या शिट्ट्या तेवढ्या चालू होत्या. त्याला भुसावळात इलाज नाही.

पहिला सोनाटा बेथोव्हेनचा, 1801 मधला. त्याला 'स्प्रिंग' म्हणतात, म्हणजे वसंत. नाव त्याने दिलेलं नाही, मागाहून चिकटलं. आपला वसंत आठवून मागच्या रांगा हसल्या. त्याचा तिसरा भाग जेमतेम मिनिटभराचा, आणि त्यात व्हायोलिन पियानोच्या एक मात्रा मागून धावतं. मध्यंतरात तुम्ही जवळ येऊन हळूच विचारलंत, "ताई, पोरी मधे सुटल्या का?" सुटल्या नव्हत्या. ती गंमत बेथोव्हेनने मुद्दाम लिहून ठेवली आहे. पण इतक्या लोकांत विचारलंत ते तुम्ही एकट्याने.

मध्यंतरानंतर सेझार फ्रांक या संगीतकाराचा सोनाटा. तिसऱ्या भागात व्हायोलिन जवळजवळ स्वतःशीच बोलत असताना लाइट गेली. मी पानं उलटायला पियानोशेजारी बसले होते, मला पानच दिसेना. मागून तुमच्या पोराचा आवाज आला, "हँडल मारू का, भाऊ?" माझ्या पोटात गोळा आला. तो जनरेटर सुरू झाला असता तर त्या स्वरांचा भुगाच. तुम्ही त्याला नुसतं "गप" म्हणालात. मग चपला काढून, टॉर्च घेऊन स्टेजवर आलात आणि माझ्या खांद्यावरून पानांवर उजेड धरून उभे राहिलात. शेवटच्या भागात पियानो एक चाल सुरू करतो आणि एका मापाच्या, म्हणजे मोजक्या मात्रांच्या, अंतराने व्हायोलिन तीच चाल घेऊन मागे येतं. तिथे माझा हात थरथरत होता, तुमचा टॉर्च नाही. लाइट आली ती टाळ्या संपल्यावर.

त्या गडबडीत तुम्हाला एक सांगायचं राहिलं. हा सोनाटा फ्रांकने 1886 मध्ये युजेन इझाई या व्हायोलिनवादकाला लग्नाचा आहेर म्हणून दिला. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रुसेल्सला इझाई आणि पियानोवर लेओंतिन बोर्द-पेन यांनी तो वाजवला, एका चित्रसंग्रहालयात. हिवाळ्याचा दिवस लवकर मावळला आणि चित्रं आहेत म्हणून तिथे दिवे लावायला मनाई. दोघांनी पुढचे भाग अंधारात, पाठ वाजवले. आमच्या पोरींना पाठ नव्हतं आणि ब्रुसेल्सला तुम्ही नव्हतात, एवढाच फरक.

बिलात तुम्ही फक्त खुर्च्या लावल्या आहेत. कूलरचं भाडं आम्ही देणं लागतो, नाही म्हणू नका. आणि टॉर्च आमच्याकडेच राहिला आहे. पोराला पाठवू नका, स्वतःच या. हिवाळ्यात आलात तरी चालेल. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत तेव्हाच खरं होतं.

तुमची,
पानं उलटणारी ताई